आहेराची वही माझ्याकडे द्या : ऑटिस्टिक मोठ्या माणसांनी एकटेपणावर काय करून पाहावं

मी धुळ्यात एका छापखान्यात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवायचं, काम करते. २१ वर्षं झाली. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे पत्रिकांची रांग लागते आणि पाऊस पडेपर्यंत ती हटत नाही. ‘चि. सौ. कां.’ कुठे, नुसतं ‘चि.’ कुठे, वर कुलदेवता एकवीरा माता की कानबाई माता, मामाचं नाव काकाच्या खाली गेलं तर कोण रुसणार, हे मला पत्रिका छापायला आणणाऱ्याच्या आधी कळतं. एका मोसमात शेकडो लग्नांची माणसं माझ्या पडद्यावरून जातात. बोलावणं त्यातल्या एकाचंही नसायचं. नात्यातल्या लग्नांना असायचं, पण तिथून मी हळद लागायच्या आत घरी परतलेली असायचे.

आता ४४ वर्षांची आहे. ३७व्या वर्षी नाशिकला ऑटिझमचं निदान झालं, म्हणजे मेंदूची जन्मापासूनच वेगळी ठेवण. तेही माझ्यासाठी कोणी गेलं नव्हतं. बहीण तीन वर्षांच्या भाच्याच्या तशाच तपासणीचा फॉर्म भरत होती, प्रश्न मोठ्याने वाचत होती. हाक मारली तर वळून बघतो का, वस्तू एका ओळीत लावत बसतो का, मिक्सर लावला की कानांवर हात ठेवतो का. मागून आई म्हणाली, ‘‘हाई तं ताईबी असंच करे.’’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याआधी एका डॉक्टरांनी मला सहा वर्षं उदासीच्या गोळ्या दिल्या होत्या, वर ‘लग्न करून टाका’ हा सल्ला फुकट.

हे लिहितेय ते माझ्यासारख्यांसाठी. म्हणजे जे मोठे आहेत, कमावतात किंवा घरी असतात, बोलता येतं, तरी आतून तुटलेले असतात, आणि आपल्यासारख्या गावात राहतात. मोठ्या शहरातल्या लोकांना सल्ला मिळतो की बाहेर पडा, एखाद्या क्लबात जा. इथे बाहेर पडायचा प्रश्नच नाही. घरात सहा माणसं, गल्लीत साठ, आणि दारात बसलं की येणारा-जाणारा विचारतो, ‘जेवनी का व?’ माणसं भरपूर आहेत. म्हणून तर घरच्यांना पटत नाही की ही एकटी आहे. ‘आमनी पोर घुमी शे,’ एवढ्यावर विषय संपतो.

आधी वही घ्या

शाळेची साधी वही. पंधरा दिवस, ज्या माणसाला भेटाल त्याच्या आधी आणि नंतर एक आकडा लिहा, दहापैकी. आकडा कशाचा? माणसाच्या भुकेचा. पोटाला लागते तशीच ती लागते, फक्त आपल्यातल्या बऱ्याच जणांना आत काय चाललंय ते पटकन ओळखता येत नाही. मलाही येत नाही. म्हणून मी खुणा ठरवल्या. कारण नसताना तिसऱ्यांदा फ्रीज उघडला, मोबाइलमधली जुनी नावं वरून खाली वाचत बसले, टीव्हीवरच्या माणसाला उत्तर दिलं, की समजायचं आकडा सहाच्या वर आहे.

माझ्या वहीत काय निघालं ते सांगते. गल्लीतली भिशी : आधी ६, नंतर ८. म्हणजे बारा बायकांत दोन तास बसून मी जास्त भुकेली परत आले. कोथिंबीरवाल्या मावशी, रोजची दोन वाक्यं : ५ वरून ४. भाच्यासोबत वॉशिंग मशीन फिरताना बघणं, एक शब्द न बोलता : ७ वरून २. आणि रविवारी खोलीचं दार लावून चार तास जुन्या पत्रिकांचे नमुने लावणं : आधी ३, नंतर ३. हा शेवटचा आकडा फार कामाचा. दार लावून बसणं हा माझा एकटेपणा नव्हता, तो एकांत होता आणि तो मला हवा होता. घरच्यांनी दहा वर्षं नेमका तोच मोडायचा प्रयत्न केला.

पंधरा दिवसांनी मी वही उलटी-सुलटी केली तेव्हा एक गोष्ट लखलखीत दिसली. जिथे आकडा खाली आला तिथे हातात काहीतरी काम होतं किंवा दोघांची नजर तिसऱ्या वस्तूवर होती. जिथे वर चढला तिथे गोल करून बसायचं होतं आणि तोंडाने गप्पा हेच काम होतं. तुमच्या वहीत कदाचित वेगळं निघेल. पण आधी ते काढा. नाहीतर दुसऱ्याचं औषध आपण गिळत बसतो.

दमलेलं असताना माणसं शोधायला जाऊ नये

दिवसभर मी एक बाहेरचा चेहरा लावून असते. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, डोळ्यांत किती वेळ बघायचं ते मनात मोजायचं, आवाज वर-खाली करायचा. २०१७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ऑटिस्टिक मोठ्या माणसांना याच लपवालपवीबद्दल विचारलं होतं. त्यांनी जे सांगितलं त्यात सगळ्यात ठळक शब्द थकवा हाच होता. आणि गंमत अशी की लोकांना तो चेहराच आवडतो. मग भूक माझी, जेवण त्या चेहऱ्याला.

म्हणून माझा नियम आहे : कामावरून आल्यावर चाळीस मिनिटं काळोख, पंखा आणि कोणी बोलायचं नाही. दाराच्या कडीला हिरवी ओढणी अडकवली की वहिनीला कळतं. ती ओढणी ठरवायला आम्हाला एक अख्खं भांडण लागलं. तिला वाटायचं मी तिच्यावर रागावून आत जाते. भांडण झालं तेव्हा कुठे मी बोलले की राग नाही, कान दुखतात. त्या दिवसापासून आमचं बरं आहे.

मे महिन्यात तर हे दुप्पट. ४३-४४ अंशांत पत्रा तापलेला, कूलरचा आवाज, बाहेर वरातीतला डीजे. त्या महिन्यात नवीन ओळख काढायच्या फंदात मी पडतच नाही.

आहेराची वही

आता जे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते.

चुलत भावाच्या मुलीचं लग्न होतं. आदल्या आठवड्यात काका पत्रिका घ्यायला छापखान्यात आले आणि कुरकुरत होते की आहेर लिहायला कोणी मिळत नाही, पोरांचं अक्षर वाचता येत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘वही माझ्याकडे द्या.’’

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या डाव्या अंगाला, पंगतीच्या तोंडाशी, मला टेबल-खुर्ची मिळाली. जागा मीच मागून घेतली होती : डीजेच्या भोंग्यांकडे पाठ नाही, बाजू नाही, सगळ्यात लांबचं टोक, आणि पाठीमागे भिंत. वहीत तीन रकाने आखून नेले होते. नाव, गाव, रक्कम किंवा वस्तू. जवळ दोन पेनं, रबरबँड, पाकिटांसाठी कापडी पिशवी, आणि शेजारी हिशोबाला एक भाचा.

लोक एकेक करून आले. माणूस येतो, वाकतो, मी विचारते : ‘‘नाव?’’ तो सांगतो. ‘‘गाव?’’ साक्री, दोंडाईचा, शिंदखेडा, नवापूर. ‘‘किती लिहू?’’ शंभर एक, दोनशे एकावन्न, साडी-चोळी, टोपी-टॉवेल. मग मी वाचून दाखवते, तो मान हलवतो आणि बट्टी खायला जातो. एका माणसाला अर्धं मिनिट. डोळ्यांत बघायला लागत नाही, कारण नजर वहीत असणं हेच काम. काय बोलायचं ते ठरलेलं. पुढचा माणूस उभा आहे म्हणून आधीच्याचं बोलणं आपोआप संपतं. अडीच तासांत १८० माणसं माझ्याशी बोलली आणि त्यातली बरीच माझी नातेवाईक निघाली, ज्यांची नावं मी वर्षानुवर्षं पत्रिकेत जुळवत आले होते पण चेहरे ठाऊक नव्हते. नाव ऐकलं की मला त्याचा फाँट आठवायचा.

एक घोटाळा झाला. भरजरी फेटा बांधलेल्या एका गृहस्थांना मी ‘नाव?’ विचारलं आणि ते लालच झाले. नवरीचे सख्खे मामा! मामालाच नाव विचारतात का? तेव्हापासून मी लग्नाची पत्रिका वहीखाली ठेवते आणि आदल्या संध्याकाळी घरातल्या कोणाला तरी विचारून ठेवते की कोणाला नाव विचारायचं नाही. फेटेवाल्यांना तर मी आधी ‘या, बसा’ म्हणते, नाव मागून कळतंच.

त्या रात्री घरी ओढणी लावून पडले, आकडा लिहिला : आधी ७, नंतर ३. दमणूक होती, पण भिशीनंतरची नव्हे, शेतातून आल्यावर होते तशी. आणि दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन, ‘‘अगं, हे नवापूरवाले पाचशे एक कोण गं?’’ मला माहीत होतं. वीस मिनिटं आम्ही वहीवरच बोललो. गेल्या तीन वर्षांत अकरा लग्नांत माझ्याकडे वही आली. आता बोलावणंच असं येतं : ‘ताई, तारीख राखून ठेव.’

तुमचं अक्षर चांगलं नसेल तर वही नका घेऊ. पण कामाची पारख अशी करा : जागा ठरलेली, हात गुंतलेले, माणसं एकेक करून तुमच्यापर्यंत येतात, आणि काम आपोआप संपतं. चारपैकी तीन गोष्टी असल्या तरी चालेल. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते तेव्हा वांगी भाजणारा माणूस बघा कधी. पऱ्हाट्यांचा जाळ, त्यावर हिरवी मोठी वांगी, सगळं लक्ष तिकडे. तो गप्प असतो आणि कोणी त्याला ‘काबर बोलत नही?’ म्हणत नाही. उलट ज्याला त्याला त्याच्याजवळ येऊन उभं राहायचं असतं. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालताना एकीने शिजलेला घाटा ओतायचा, दुसरीने ओल्या हाताने थापायचा. ओतणारी मी असते. गणपती मंडळाचा जमाखर्च, वाचनालयात पुस्तकांना कव्हर घालणं, कानबाईच्या रोटांचं धान्य मोजून देणं. सगळीकडे एक कोपरा असतो जो कोणालाच नको असतो. तो आपला.

काम मागायचं ते चार दिवस आधी, आणि ज्याच्या घरचं कार्य त्याच्याकडे. ऐन वेळी मागितलं तर लोक म्हणतात ‘अहो तुम्ही बसा, पाहुण्या तुम्ही,’ आणि मग गेलं सगळं. वाक्य तयार ठेवा. माझं असं आहे : ‘‘मला नुसतं बसवत नाही. काही लिहायचं-मोजायचं असेल तर मी करते, तुमचाही भार हलका होईल.’’ पहिलं वाक्य महत्त्वाचं आहे. ते खरं आहे आणि त्यात आजाराचं नाव नाही.

‘ये ना घरी, कधीही ये’

आग्रा रोडवर शाळेतली मैत्रीण भेटली. फार वर्षांनी. म्हणाली, ये ना घरी, कधीही ये, आपलंच घर आहे. मी मंगळवारी दुपारी अडीचला गेले. खाऊचा डबा घेऊन. तिने दार उघडलं तेव्हा केस मोकळे, आत सगळे झोपलेले, पाठीमागे सासूबाईंचा खोकला. ‘अगं बाई, तू!’ म्हणाली. मला वाटलं आनंद झाला. पन्नास मिनिटं बसले, कारण उठायचं कसं ते कळेना. ती चार वेळा घड्याळाकडे बघत होती हे मला घरी आल्यावर, रात्री अकरा वाजता, कळलं. पुन्हा तिने कधी फोन केला नाही, मीही नाही.

आपल्या भाषेत ‘कधीही ये’चा अर्थ ‘आत्ता निघते’ असाही होतो. हे कोणी शिकवत नाही. म्हणून आता माझं उत्तर ठरलेलं आहे : ‘‘नक्की. रविवारी चार वाजता येऊ का? पाचला निघेन.’’ वार, वेळ आणि उठायची वेळ. समोरचा ‘हो’ म्हणाला तर ती भेट. ‘बघू गं, कळवते’ म्हणाला तर एकदा, फक्त एकदा, दुसरा वार विचारायचा. पुन्हा ‘बघू’ आलं तर ते बोलणं नुसतं वाटेतला नमस्कार होता असं धरायचं. मनाला लागू द्यायचं नाही हे म्हणणं सोपं आहे; मला लागतं. पण निदान डबा घेऊन जात नाही.

पोचल्यावर दारातच सांगायचं की पाचला निघायचंय. यजमानाला बरं वाटतं आणि आपल्याला शेवट माहीत असला की मधला वेळ नीट जातो. चहाला नाही म्हणायच्या भानगडीत पडू नका, खान्देशात ते कोणालाच जमलेलं नाही. ‘अर्धा कप’ म्हणा.

दोष सगळा आपल्याकडे नाही, त्याचाही उपयोग करून घ्या

लहानपणापासून ऐकलं होतं की मला माणसं कळत नाहीत. डेमियन मिल्टन नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ मध्ये साधा प्रश्न मांडला : ऑटिस्टिक माणसांना इतर कळत नाहीत, ठीक, पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसं कुठे कळतात? अडचण दोघांच्या मधे आहे. मी वाचलं तेव्हा मला वहिनी आणि हिरवी ओढणी आठवली. सहा वर्षं तिला माझा चेहरा वाचता आला नव्हता. पण ‘समजत नाही’चा शिक्का फक्त माझ्यावर.

त्याहून जास्त कामाचं म्हणजे अमेरिकेतल्या नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये छापलेलं काम. लोकांना ऑटिस्टिक माणसांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या, तर बघणाऱ्यांना त्यांच्याशी ओळख वाढवावीशी कमी वाटली. पण त्याच माणसांचं बोलणं नुसतं कागदावर उतरवून वाचायला दिलं तेव्हा तो फरक गेला. म्हणजे नडते ती आपली लकब, आवाजाची पट्टी, हात कुठे ठेवले ते. बोलण्यातला मजकूर ठीक असतो.

डीटीपीवाल्या बाईला आणखी काय हवं! मी ठरवलं की ओळखीची सुरुवात लिहून करायची. बांगड्यांच्या दुकानातल्या वहिनी पत्रिकेचं प्रूफ बघायला यायच्या, तेव्हा आमचं ‘हं, हं’च्या पुढे जात नव्हतं. त्यांच्या मुलाच्या पत्रिकेचं काम संपल्यावर मी त्यांना चार ओळींचा मेसेज पाठवला : तुम्ही जी ओवी आत टाकायला दिली ती फार चांगली होती, कोणाची ऐकलेली? उत्तराला दोन दिवस लागले आणि मग एवढं लांब आलं की मी दोनदा वाचलं. त्यांच्या आईच्या ओव्या. आता शुक्रवारी साडेचारला, बाजार मंद असतो तेव्हा, मी त्यांच्या दुकानात मापाप्रमाणे बांगड्या लावून देते आणि त्या ओवी सांगतात, मी लिहून घेते. दोन वर्षं झाली.

मेसेजबद्दल दोन गोष्टी. नुसतं ‘हाय’ पाठवू नका, त्याला उत्तर देणं कोणालाही अवघड. आत एक प्रश्न ठेवा ज्याचं उत्तर समोरच्याला येतं. आणि सकाळी सहाला फुलांचं चित्र पाठवणारा खानदानी ग्रुप बंद आवाजात ठेवायला हरकत नाही, त्याने कोणाचा एकटेपणा गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

सांगायचं का?

मराठीत याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. स्वतःत मग्न! ऐकणाऱ्याला वाटतं हिला दुसऱ्याची पडलेलीच नाही, आणि आपण तर दुसऱ्यासाठी तळमळत असतो. मी ऑटिझमच म्हणते. पण बहुतेकांना तेही सांगत नाही. गरज सांगते : ‘‘गोंगाटात मला ऐकू येतं पण कळत नाही. आपण बाहेर ओट्यावर बसू या का?’’ या वाक्याला आजपर्यंत कोणी नाही म्हटलेलं नाही. ऑटिझमचं नाव सांगितलं तेव्हा मात्र ‘पण तू तर नॉर्मल वाटतेस’ हेच ऐकलं. पूर्ण गोष्ट मी चौघांनाच सांगितली आहे, आणि चौघांनाही आधी गरज सांगून पाहिली होती. ज्याने ओट्यावर यायला खळखळ केली नाही, त्याला पुढचं सांगायचं.

घरातल्यांसाठी एवढंच : ‘चार माणसांत मिसळ’ म्हणू नका. त्याऐवजी ‘मी मेथी निवडते, बसतेस का शेजारी?’ म्हणा, आणि मेथी निवडून होईपर्यंत काही विचारू नका.

कागद आणि रात्रीचा नंबर

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. त्यासाठीची तपासणी ‘इसा’ या भारतीय मोजपट्टीने होते, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आलं तर सवलतींचा रस्ता उघडतो, आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन करता येतो. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. माझ्या वेळी एका खिडकीवर मला ऐकवलं गेलं, ‘तुम्ही तर बोलताय, मग कसला ऑटिझम?’ मी गप्प परत आले. दुसऱ्या खेपेला भावाला नेलं आणि सगळं लिहून नेलं, वयाच्या चौथ्या वर्षापासूनचं, तीन पानं. तुम्हीही लिहूनच न्या. खिडकीवर आपल्याला शब्द फुटत नाहीत.

आणि एकटेपणा एका मर्यादेपुढे गेला की तो निराळी बोली बोलायला लागतो. ‘आपण नसलो तर कोणाचं काय अडणार,’ अशी. ऑटिस्टिक मोठ्यांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं, तेव्हा हे स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासाबद्दल बोलायचा, नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, रात्रंदिवस, आणि मराठीत बोलता येतं. फोन करायचीच भीती वाटते? मलाही. म्हणून माझ्या पाकिटात एक चिठ्ठी आहे, तीच वाचून दाखवायची : ‘मला ऑटिझम आहे. मला बोलायला वेळ लागतो, मधे थांबले तर फोन ठेवू नका. मला आज जगावंसं वाटत नाही.’ ती चिठ्ठी मी एकदा वापरली आहे.

आपल्यासारखं दुसरं कोणी

लहानपणी कानगोष्टी खेळलो ना, एकाच्या कानातून दुसऱ्याच्या? एडिनबराच्या संशोधकांनी २०२० मध्ये तसाच प्रयोग छापला. आठ-आठ जणांच्या साखळ्या : काही सगळ्या ऑटिस्टिक, काही सगळ्या इतर, काही मिश्र. पहिल्याला गोष्ट सांगायची, शेवटी किती उरते ते बघायचं. ऑटिस्टिक साखळीत गोष्ट इतरांइतकीच टिकली, मिश्र साखळीत जास्त गळाली. पुढे २०२५ मध्ये याच कामात जास्त माणसं घेऊन पाहिलं तेव्हा मिश्र साखळीही बरोबरीत निघाली. मला दोन्ही निकाल चालतात. दोन्ही वेळा आपल्या लोकांनी गोष्ट सांडलेली नाही.

मला आपल्यातली एक इंटरनेटवर भेटली, लिहून बोलायच्या गटात. सात महिने आम्ही फक्त लिहिलं. ती शिरपूरची, २९ वर्षांची, संगणक शिकवते, आणि गावांच्या नावांचे फलक फोटोत जमवते. भेटायचं ठरलं तेव्हा दोघींनाही हॉटेलात समोरासमोर बसायचं नव्हतं. मग मी सुचवलं : चाळीसगावची गाडी. धुळ्याहून सुटते, बाकावर शेजारी-शेजारी बसायचं, दोघींनी खिडकीबाहेर बघायचं, आणि शेवट कुठे आहे ते तिकिटावरच छापलेलं. अनोळखी माणसाला पहिल्यांदा भेटताय म्हणून गर्दीची वेळ, दिवसाउजेड आणि घरी सांगून जाणं हे केलंच पाहिजे. वहिनीला मी गाडीचा नंबर देऊन ठेवला होता. शिरपूरहून ती एसटीने आली. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तिला हे महिन्यातून एकदा परवडतं.

पहिल्या खेपेला ती स्टेशनवर आली, मान हलवली, खिडकीशी बसली. ‘मोहाडी प्रगणे लळिंग’ हा फलक एका फोटोत मावेना म्हणून तिने दोन काढले. बोरविहीर गेलं, शिरूड गेलं. आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. राजमान्याला तिने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, ‘‘यात ‘ज’ बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड आहे. का?’’ मी सांगायला लागले. रंगाऱ्याने अक्षर मागून दुरुस्त केलं की असं होतं, बघ, खाली जुना रंग दिसतोय. जामद्यापर्यंत मीच बोलत होते आणि ती मधे मधे ‘हं, पुढे’ म्हणत होती.

चाळीसगावला उतरून आम्ही शेव-भाजी खाल्ली, वेगवेगळ्या टेबलांवर, कारण तिला दुसऱ्याच्या जेवणाचा आवाज सहन होत नाही. परतीच्या गाडीत चढताना तिने विचारलं, ‘‘आता खिडकी कोणाची?’’

‘‘जाताना तुझी, येताना माझी.’’

तिने ते मोबाइलमध्ये लिहून ठेवलं.